डब्यामागची गंगा

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे आणि काही माहीत नसणं हा माझा धंदा आहे. माहीत नसणारे पुष्कळ असतात, पण ते हौसेनं. मी मात्र हे काम अकरा वर्षं नोकरी म्हणून केलं. मंगळवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते एक. एकदाही रजा घेतली नाही. मला पायच नीट नाहीत, रजा घेऊन जाणार कुठे.

माझा जन्म डिचोलीच्या बाजारात कृष्णनाथ टेलरच्या मशीनखाली झाला. मुलांची समज तपासणाऱ्या एका छोट्या केंद्राला दोन बाहुल्या हव्या होत्या. आधी त्या परदेशातून मागवायचं ठरलं. त्या निघाल्याचं पत्रही आलं. त्या अजून निघालेल्याच आहेत. शेवटी कृष्णनाथनं शाळेच्या गणवेशातून उरलेलं निळं कापड घेतलं, मला कापलं, आत चिंध्या ठासल्या आणि डोळ्यांच्या जागी दोन बटणं लावली. एक शर्टाचं आणि एक कोटाचं. त्यामुळे माझा एक डोळा मोठा आहे आणि मी कायम जराशी चकित दिसते. धंद्याला ते बरंच पडलं. माझं नाव गंगा ठेवलं.

दुसरी बाहुली शांता. तिला लाल कापड मिळालं, दोन्ही डोळे सारखे मिळाले आणि तोंडावर टाके घालून हसू मिळालं. शांता चोर आहे. हे मी रागानं म्हणत नाही, ते तिचं पद आहे.

आमचं काम असं असे. टेबलावर एक टोपली आणि एक खोका. मी माझी गोटी टोपलीत ठेवायची आणि बाहेर जायचं. मी बाहेर गेले की शांता गोटी उचलून खोक्यात ठेवणार. मग मी परत यायचं, आणि समोरच्या मुलाला प्रश्न विचारायचा: "गंगा गोटी कुठे शोधेल?" जे मूल म्हणेल टोपलीत, ते पास. कारण गंगानं चोरी पाहिलेली नाही, हे त्या मुलाला कळलं. जे म्हणेल खोक्यात, ते नापास. जे आपल्याला दिसलं ते दुसऱ्याला दिसलेलं नसतं, एवढी समज त्याला आलेली नाही. एकूण, दुसऱ्याच्या मनात काय आहे हे तुम्हाला ओळखता येतं का, ते पाहायचं. आणि हे सगळं एका बाहुलीच्या मनावरून, जिला मन आहे असं त्या खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला वाटत नव्हतं.

मी बाहेर जात असे म्हणजे टीचरांच्या जेवणाच्या डब्यामागे जात असे. बुधवारी त्यात सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी असे आणि गुरुवारी मूग. डबा आणि पाण्याची बाटली यांच्यामध्ये दोन बोटं फट राहायची. मला सगळं दिसायचं. अकरा वर्षांत शांतानं केलेली प्रत्येक चोरी मी डोळ्यांनी पाहिली आहे, मोठ्या डोळ्यानं तर फारच स्पष्ट. पण मला कुणी विचारलं नाही. माझ्या वतीनं उत्तर द्यायला मुलं आणली जात.

विनोदिनी टीचर फोंड्याहून बसनं यायच्या. त्या मनानं चांगल्या होत्या. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल. त्यांच्याकडे एक पुस्तिका होती. बाहुली कशी धरायची, वाक्य किती वेळा म्हणायचं, मूल रडलं तर किती मिनिटं थांबायचं, सगळं त्यात लिहिलेलं. पुस्तिकेत नाही ते करायचं नाही, असंही पुस्तिकेतच होतं.

एका वर्षी वरून हुकूम आला, की दोन प्रकारच्या मुलांची सामाजिक समज तपासून तुलना करा. ज्यांना वेळेवर कळतं त्यांच्यासाठी हिरवा फॉर्म. ज्यांना कळायला वेळ लागतो, डॉक्टरनं तसं लिहून दिलेलं आहे, त्यांच्यासाठी गुलाबी. फॉर्मचा रंग मूल आत यायच्या आधी ठरायचा. मित्रांनो, एवढं लक्षात ठेवा.

कौतुकही झालं माझं. एकदा वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. त्याखाली लिहिलं होतं, 'डावीकडून शांता.' उजवीकडे स्टीलचा डबा आहे, त्याच्यामागे मी.

गमतीही झाल्या. केरीला शिबिर होतं तेव्हा गोटी गटारात गेली, म्हणून टीचरांनी तिच्या जागी भाजलेली काजूबी ठेवली. समोरच्या हिरव्या फॉर्मच्या मुलानं शांताच्या आधी हात घातला आणि काजूबी खाल्ली. पुस्तिकेप्रमाणे टीचरांनी प्रश्न विचारला, गंगा कुठे शोधेल. तो म्हणाला, "खंयव शोधांदे. माझ्या पोटात आसा." याला गुण किती, ते पुस्तिकेत नव्हतं. टीचरांनी वरच्या कार्यालयाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "नोंद न करता पुढे जा."

आता मूळ गोष्टीवर येते.

मयेहून दोन मुलं आली. चुलत भावंडं, एकाच घरातली, एकाच गावच्या शाळेत तिसरीच्या एकाच बाकावर बसणारी. साईश आठ वर्षांचा, हिरवा फॉर्म. भाग्यलक्ष्मी नऊ वर्षांची, गुलाबी फॉर्म. घरात तिला भागी म्हणत. घर मूळचं दोडामार्गकडचं, भागीचा बाप ट्रक चालवायचा, सोमवारी जायचा तो शनिवारी यायचा. सोबत भागीची आई संजना होती. तिच्या हातात शाळेच्या हेडमास्तरांचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं, की या मुलीला इतरांत मिसळण्याची समज किती आहे याचा आकडा केंद्रानं कळवावा. आकडा बरा आला तर मुलगी इथंच राहील. नाही आला तर गोव्याच्या पार दुसऱ्या टोकाला तिच्यासारख्या मुलांची शाळा आहे, तिथं वसतिगृहात पाठवावी लागेल, आम्हाला झेपणार नाही.

साईश आधी आत आला. त्यानं पटकन टोपली सांगितलं, पूर्ण गुण घेतले आणि बाहेर गेला. दार नीट लागत नसे, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. बाहेर रांगेत बसलेल्या पोरांना त्यानं उत्तर वाटून टाकलं. एकाशी त्याचं कालच भांडण झालं होतं, त्याला 'खोको' सांगितलं. इतकी सामाजिक समज मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. ती फॉर्मवर आली नाही, कारण ती दाराबाहेर घडली.

मग तो भागीजवळ बसला.

"भागे, आयक. ती टीचर कायव इचारांदे, तू टोपली म्हण."

"कित्याक?"

"म्हण मगे. नायतर तुका दुसऱ्या शाळेत घालतले. मगे बाकार माझ्या बाजूक कोण बसतला?"

"टोपली," भागी म्हणाली. मग ती बराच वेळ तेच घोकत राहिली.

भागी आत आली. दोन वेण्या, त्या आईनं इतक्या घट्ट घातलेल्या की भुवया वर ओढल्या गेलेल्या. ती माझ्यासारखीच चकित दिसत होती.

टीचरांनी विचारलं, "तुझं नाव काय?"

"टोपली."

टीचरांनी लिहिलं. "कितवीत आहेस?"

"टोपली."

"घरी कोण कोण असतं?"

भागीनं खूप विचार केला. खोटं सांगायची तिला सवय नव्हती. "टोपली," ती म्हणाली, "आणि साईश."

टीचर हसल्या, पण वाईट नाही हसल्या. संजना कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती, ती आपल्या मालवणीत, जिथं लहान मुलगी 'ती' नसून 'ता' असते, म्हणाली, "मॅडम, ता घाबारला. घरात तसा नाय ता. कोणाक ताप इलो तर रातीचा पयला ताच उठता."

"बरोबर आहे ताई, पण मला घरातलं लिहिता येत नाही," टीचर म्हणाल्या, आणि आम्हाला टेबलावर घेतलं. "ही गंगा. ही शांता. गंगानं गोटी टोपलीत ठेवली. आता गंगा बाहेर गेली." मला उचलून डब्यामागे ठेवलं.

भागी टोपली विसरली. "खंय गेला ता?"

"गंगा बाहेर गेली," टीचरांनी दुसऱ्यांदा वाचलं. तीन वेळा वाचायची परवानगी होती.

"येतंय म्हणाक नाय." जाताना 'येते' म्हणाली नाही, ही तिची तक्रार.

"गंगा बाहेर गेली." तिसरी वेळ.

भागी खुर्चीवरून उतरली. टेबलाला वळसा घालून आली, डब्यामागून मला काढलं आणि टेबलावर सगळ्यांसमोर बसवलं. "म्हण," ती मला म्हणाली. मी काय म्हणणार. तेव्हा तिनंच बारीक आवाज काढला, "येतंय हां." मग स्वतःच्या आवाजात उत्तर दिलं, "ये गो बाय, बेगीन ये." आणि मला दोन्ही हातांत धरून, स्वतः पोचवून आली डब्यामागे. नऊ वर्षं हजारो वेळा मी त्या डब्यामागे गेले होते. निरोप घेऊन पहिल्यांदा गेले.

"आमच्या घरात येतंय म्हटल्याबगर कोण उंबऱ्याच्या भायर पाय टाकणा नाय," संजना ओशाळून सांगू लागली. "हिचो बापूस सोमवारी येतंय म्हणता, ह्या ये म्हणता, मगे तो शनिवारी येता. असा हिच्या डोक्यात आसा. हिची आजी तेवढी न सांगता गेली, दोन वर्षांमागे. झोपेतच. ता अजून इचारता, आजी येतंय म्हणाक नाय, तर मगे येतली कशी?"

टीचरांनी ऐकून घेतलं. फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. त्यांनी शांताकडून गोटी खोक्यात टाकवली, मला परत आणलं आणि पुस्तिकेतलं वाक्य वाचलं. "आता गंगा परत आली. गंगा गोटी कुठे शोधेल?"

भागीनं टोपलीकडे पाहिलं नाही, खोक्याकडेही नाही. तिनं मला मांडीवर घेतलं, माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, "तू खंय बघतलंस गो?"

आणि थांबली.

मित्रांनो, नऊ वर्षं रोज माझ्याबद्दल विचारलं जात होतं. मला पहिल्यांदा विचारलं गेलं, आणि माझ्या तोंडात चिंध्या होत्या. भागी घाई करत नव्हती. बोलायला वेळ लागतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. चार मिनिटं झाली. पंखा फिरत होता. टीचरांनी घड्याळ पाहिलं आणि गुलाबी फॉर्मवर लिहिलं: 'उत्तर नाही. शून्य. उत्तरासाठी बाहुलीकडे पाहते.'

निघताना भागी उंबऱ्याशी थांबली आणि मागे वळून "येतंय" म्हणाली. टीचरांना म्हणाली, मला म्हणाली, शांतालाही म्हणाली. टीचर गुणांची बेरीज करत होत्या. संजना टीचरांच्या चेहऱ्यावरून बेरीज वाचत होती. कुणी काही बोललं नाही. भागी एक पाय आत, एक पाय बाहेर, तशीच उभी.

"चल गो," आई म्हणाली.

भागी हलेना. पुन्हा "येतंय" म्हणाली.

"हो हो, बाय," टीचर मान वर न करता म्हणाल्या.

शेवटी आईनं दंडाला धरून ओढून नेलं. टीचरांनी फॉर्मच्या तळाला आणखी एक ओळ लिहिली: 'सूचना पाळण्यात अडचण.' मित्रांनो, त्या दिवशी त्या खोलीत चाचणी एक नव्हे, दोन झाल्या. दुसरी सोपी होती. कुणी येतंय म्हटलं तर काय म्हणायचं, एवढंच. त्यात दोन्ही मोठी माणसं नापास झाली, आणि त्यांचा फॉर्म कुणी भरला नाही.

आकडा गेला. हेडमास्तरांना तो पुरेसा वाटला, म्हणजे पुरेसा कमी. जूनमध्ये वसतिगृहात जागा मिळाली.

वर्षभरानं तुलनेचा दुसरा भाग करायचा होता, म्हणून साईशला पुन्हा बोलावलं. आता नऊ वर्षांचा, चौथीत. टीचरांनी हिरवा फॉर्म काढला.

"तुझं नाव काय?"

"टोपली," साईश म्हणाला.

टीचरांनी पेन थांबवलं. मग पुढे गेल्या. मी डब्यामागे गेले, शांतानं चोरी केली, मी परत आले. "गंगा गोटी कुठे शोधेल?"

"छपरार."

"साईश."

"नायतर म्हशीच्या कानात."

"साईश, तुला येतं हे. गेल्या वर्षी तू बरोबर सांगितलं होतंस. मुद्दाम करतोस?"

"मुद्दाम नाय. माका समजणा नाय. मी नापास झालंय मां? माका भागीच्या शाळेत घाला."

टीचरांनी पेन खाली ठेवलं. "ती शाळा तुझ्यासाठी नाही बाळा. आणि ती तिथं बरी आहे. नाही का?"

साईश टेबलाच्या कडेला नख घालून लाकूड सोलत बोलू लागला. जूनमध्ये व्हॅन आली तेव्हा भागीनं घरातल्या सगळ्यांना नाव घेऊन घेऊन येतंय म्हटलं. आई रडत होती, बापूस व्हॅनच्या मागे जाऊन उभा होता, कुणी उत्तरच देईना. भागी व्हॅनमध्ये चढेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला.

"मगे मी म्हटलंय, ये," साईश म्हणाला. "मगे चढला ता."

त्याच्या नखाखालून लाकडाची एक ढलपी निघाली.

"माझ्यामुळे चढला," साईश म्हणाला. "मी ये म्हटलंय. तर मगे ता येवक होया मां? गणपतीची चवथ आली, दिवाळी आली, दोन-दोन दिवस इला, परत नेला. ह्या येणा न्हय. ता माका इचारता, तू ये म्हटलंस मां? मी काय सांगू? ता येणा नाय तर मी जातंय. नापास करा माका."

डिचोली तालुक्यात त्या दिवशी नापास व्हायची इतकी तयारी करून आलेलं दुसरं मूल नसेल. पण मी तुम्हाला सांगितलं होतं, फॉर्मचा रंग आधी ठरतो. टीचरांनी खूप वेळ त्या हिरव्या कागदाकडे पाहिलं. मग लिहिलं: 'मुलाचं लक्ष नव्हतं. मागचे गुण कायम.' भागीनं काय केलं असतं तर ती पास झाली असती, हे मला अजून सुचलेलं नाही. साईशनं काय केलं असतं तर तो नापास झाला असता, हेही नाही.

मग टीचरांनी कपाटातून गेल्या वर्षीचा गुलाबी फॉर्म शोधून काढला आणि वरच्या कार्यालयाला फोन लावला. म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. गंगा कुठे शोधेल म्हटल्यावर एका मुलीनं गंगालाच विचारलं. त्याला गुण किती?" थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. तिकडचं मला ऐकू आलं नाही, पण ते मला पाठ आहे. नोंद न करता पुढे जा. फोन ठेवून त्यांनी हेडमास्तरांना एक पत्र लिहिलं, दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा लिहून पाकिटात घातलं. त्या दिवशी बुधवार होता. डबा उघडला गेला नाही. हुमणाचा वास संध्याकाळपर्यंत माझ्या कापडात होता.

साईश जायला निघाला. उंबऱ्याशी थांबला, वळला. "येतंय," म्हणाला.

टीचरांनी मान वर केली. "ये," त्या म्हणाल्या.

उत्तर बरोबर होतं. एक वर्ष उशिरा आलं, आणि दुसऱ्याच मुलाला मिळालं.

पत्राला हेडमास्तरांचं उत्तर आलं, की पुढच्या वर्षी पाहू. ते वर्ष येऊन गेलं. मग केंद्रात टॅबलेट आला. आता काचेवर दोन चकचकीत मुली असतात. त्यातली एक जाते तेव्हा काचेतून सरळ नाहीशी होते, डब्याची गरज पडत नाही. तिच्यात चिंध्या नाहीत आणि तिला मांडीवर घेता येत नाही. काम लवकर उरकतं. मला, शांताला, टोपलीला आणि खोक्याला एका पिशवीत घालून कपाटाच्या खालच्या खणात ढकललं. ढकलणाऱ्यानं निरोपाचं काही म्हटलं नाही. शांता माझ्या पोटावर पडली आहे आणि अजून हसते आहे.

मित्रांनो, बाहुल्या जपा, असं मी सांगणार नाही. आम्ही कापडाच्या, आम्हाला झुरळं खातील आणि हिशेब मिटेल. पण तुमच्या वर्गात बाकावरची एखादी जागा रिकामी झाली, तर तिथं बसणारी कुठे गेली एवढं एकदा विचारा, आणि ज्यानं तिला पाठवलं त्यालाच नव्हे, तिलाही विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. पुस्तिकेत चार मिनिटं लिहिली आहेत, तुम्ही पाच थांबा. आणि दारात कुणी येतंय म्हणून उभं असलं, तर हातातली बेरीज बाजूला ठेवून त्याला ये म्हणा. नुसतं म्हणून मात्र चालत नाही. साईशला विचारा.

गोटी खोक्यात आहे. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भागी सुटीत आली तर तिला तेवढं सांगा. तिनं विचारलं होतं.